देव जुना, देऊळ नवं: अंत्रुजातली वैष्णव देवळं कशी वाचावीत

फोंडा तालुक्यातल्या, म्हणजे जुन्या अंत्रुजातल्या, कुठल्याही देवळात ‘हे किती जुनं?’ असं विचारलं की चार जणांकडून चार उत्तरं येतात, आणि बहुतेक वेळा चारही खरी असतात. कुणी मूर्तीचं वय सांगतो, कुणी देव मूळ गावी होता त्या स्थानाचं, कुणी आजच्या इमारतीचं, तर कुणी गेल्या जीर्णोद्धाराचं. गोव्यातलं वैष्णव देऊळ समजून घ्यायचं तर पहिलं काम हेच: या चार वयांची गल्लत होऊ द्यायची नाही. वहीच्या पानावर चार रकाने आखा, स्थान, मूर्ती, वास्तू आणि सजावट, आणि दिसेल ती प्रत्येक गोष्ट योग्य रकान्यात टाका. एका देवळाला दोन तास पुरतात.

सोबत वही, छोटी विजेरी, होकायंत्र (फोनमधलं चालतं) आणि जमल्यास दुर्बीण घ्या. शिखराच्या तळाशी असलेली पाकळ्यांची ओळ खालून साध्या डोळ्यांना दिसत नाही. अंगभर कपडे घाला. गाभाऱ्याचे फोटो जवळपास सगळीकडे मना आहेत, त्यामुळे हाताने रेखाटन काढायची सवय लावा. पावसाळ्यात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तळीच्या (देवळाच्या तळ्याच्या) काठाने अनवाणी चालताना जपून.

एका दिवसात पाहण्यासारखी चार देवळं अशी: माशेलचा देवकीकृष्ण, म्हार्दोळची महालसा नारायणी, वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह आणि सावईवेऱ्याचा अनंत. पणजीहून निघालात तर बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर माशेल जवळ पडतं. तिथून परत फोंड्याच्या रस्त्याला लागलं की आधी मंगेशी येतं आणि पुढे साधारण एक किलोमीटरवर म्हार्दोळ. तिथून वेलिंग जवळच आहे. सावईवेरें शेवटी ठेवा. ते कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, आहे आणि तिथे घाई करवत नाही.

आधी स्थान: देव कुठून आला?

या चारांतले तीन देव आजच्या जागी परगावाहून आले आहेत. महालसा साष्टीतल्या वेर्ण्याची, नृसिंह सांकवाळचा, देवकीकृष्ण चोडण बेटावरचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा बेट घेतलं, १५४० मध्ये तिसवाडीतली (गोवा बेट आणि आसपासची) देवळं पाडली, १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेस त्यांच्या ताब्यात गेलं, १५६० मध्ये इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) सुरू झालं आणि १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं मोडली गेली. अंत्रुज म्हणजे आजचा फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. मधल्या खाड्या आणि नद्या हीच सरहद्द होती. महाजनांनी (देवळाच्या मानकरी कुळांनी) देव उचलले, रात्री होडीत घातले आणि पलीकडे नेले. नृसिंह सांकवाळहून हलला ते साल १५६७ सांगितलं जातं.

फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ मध्ये, सोंध्याच्या राजाकडून. तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता, त्यामुळे नव्या काबिजादीतली (पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातली) देवळं वाचली. ही दोनशे वर्षं लक्षात ठेवा. इमारतीचं वय ठरवताना ती पुन्हा लागतात.

स्थानाच्या रकान्यात तीन गोष्टी लिहा: मूळ गाव, मधले मुक्काम, आजचं गाव. मधला मुक्काम बहुतेक जण विसरतात. देवकीकृष्ण चोडणहून थेट माशेलला आला नाही, आधी मयेला गेला. नावंही देवाबरोबर प्रवास करतात. वेर्ण्याला महालसेच्या मूळ जागेला ‘जुनें म्हार्दोळ’ म्हणतात, म्हणजे देवीबरोबर गावाचं नावच खाडीपार आलं. आज वेर्ण्यालाही नवं देऊळ उभं आहे. ते पाहायला गेलात तर त्याला ‘प्राचीन देऊळ’ म्हणू नका. तिथे प्राचीन आहे ती जागा.

याहून खोलात जायचं असेल तर पणजीच्या पुराभिलेखागारात साष्टी आणि बारदेसचे १५६७ चे फोराल आहेत. पाडलेल्या देवळांच्या जमिनी कुठे होत्या आणि कुणाच्या नावे होत्या याच्या त्या याद्या. पोर्तुगीज वाचणारं कुणी सोबत हवं. गावांची आणि देवांची नावं तिथे पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली आहेत, म्हणून नाव मोठ्याने उच्चारून पाहा. डोळ्यांना अनोळखी वाटलेलं नाव कानाला लगेच कळतं.

मूर्ती: हात मोजा, पण देवाच्या बाजूने

मूर्ती पाहायची तर सकाळी, अभिषेकाच्या वेळी. महापूजा झाली की वस्त्रं, फुलं आणि चांदीच्या कवचामागे चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही. पुजाऱ्यांना आधी नम्रपणे विचारा. पुष्कळ देवळांत अलंकार उतरवलेल्या मूर्तीचा जुना फोटो कार्यालयात लावलेला असतो. काम त्यावरून भागतं.

चार हातांचा उभा विष्णू असेल तर तो ‘विष्णू’ एवढंच लिहून थांबू नका. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत चोवीस प्रकारे बसतात (४×३×२×१) आणि प्रत्येक मांडणीला वेगळं नाव आहे. ही चोवीस नावं आपल्याला ठाऊकच असतात: संध्येतल्या आचमनाची, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः... मोजायची रीत अशी. देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करा, मग उजवा वरचा, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. प्रदक्षिणेसारखं.

पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला तर नारायण. गदा, चक्र, शंख, पद्म म्हणजे माधव. चक्र, गदा, पद्म, शंख म्हणजे गोविंद. पद्म, गदा, चक्र, शंख म्हणजे त्रिविक्रम. पद्म, चक्र, शंख, गदा म्हणजे जनार्दन. काही नावांबाबत ग्रंथाग्रंथांत फरक आहे, म्हणून वहीत नावाआधी क्रम लिहा. नाव पुढे दुरुस्त करता येतं. क्रम चुकला तर परत जाऊन पाहण्यावाचून इलाज नसतो.

इथे नेहमी होणारी चूक एकच. पाहणारा स्वतःच्या उजवीकडून मोजतो आणि सगळा क्रम उलटा येतो. देवाचा उजवा हात तुमच्या डावीकडे असतो. दुसरा घोटाळा फोटोचा: फोन काही वेळा प्रतिमा आरशासारखी उलटी करून ठेवतो. फोटोत एखादं अक्षर किंवा पाटी येऊ द्या, म्हणजे खात्री होते. आणि खालच्या उजव्या हातात कमळ दिसलं नाही तर लगेच ‘आयुध तुटलं’ असं समजू नका. वरद मुद्रेतल्या तळहातावर कमळ लहानसं कोरलेलं असतं आणि तेल-चंदनाच्या थरांखाली बुजतं. विजेरी बाजूने धरा, समोरून नको. तिरप्या उजेडात कोरीव रेषा वर येते.

मूर्तीच्या काळाचा अंदाज प्रभावळीवरून (मूर्तीमागच्या कोरीव कमानीवरून) येतो. गोव्यावर कदंबांचं राज्य होतं त्या काळातल्या, ढोबळमानाने ११व्या ते १४व्या शतकातल्या, मूर्तींवर घाटावरच्या कर्नाटकी शिल्पाची छाप असते: मऊ, काळसर-हिरवट दगड, दाट दागिने, प्रभावळीत दशावतार, माथ्यावर कीर्तिमुख (सिंहासारखा उग्र चेहरा). स्थानिक चिरा सच्छिद्र, त्यात बोटभर दागिन्याचं काम उतरत नाही, म्हणून मूर्तीचा दगड बाहेरून आणला जाई. त्यामुळे ‘गोव्यात घडवली’ आणि ‘गोव्यात पुजली’ ही दोन विधानं वेगळी ठेवा.

सावईवेऱ्याला अनंत शेषावर पहुडलेला आहे, काळ्या दगडात. शेषशायी मूर्ती पाहताना चार गोष्टी टिपा: डोकं कोणत्या दिशेला, फणे किती, नाभीकमळावर ब्रह्मा आहे का, पायांशी लक्ष्मी आहे का. नृसिंहाच्या बाबतीत मांडीवर लक्ष्मी असेल तर लक्ष्मीनृसिंह, गुडघ्यांभोवती पट्टा बांधून बसलेला असेल तर योगनृसिंह, आणि मांडीवर हिरण्यकशिपू असेल तर उग्र.

महालसेपाशी थांबा

म्हार्दोळला मात्र हातांवरून ओळखायची सगळी रीत फसते, आणि म्हणूनच ते देऊळ या विषयाची खरी शाळा आहे. महाराष्ट्रातून येणारा भाविक ‘म्हाळसा’ ऐकून खंडोबाची म्हाळसा समजतो. ही ती नव्हे. ही मोहिनी, अमृतमंथनात विष्णूने घेतलेलं स्त्रीरूप. नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे आणि देवीचं मूळ तिकडे जोडणारी परंपरा आहे, म्हणून नावांची गुंतागुंत समजण्यासारखी आहे. जेजुरीची कथा मात्र इथे लावू नये.

मूर्तीच्या चार हातांत त्रिशूळ, खड्ग, छाटलेलं शिर आणि पात्र, पायांखाली पडलेला देह. नुसत्या आयुधांवरून कुणीही हिला शाक्त देवी म्हणेल. मग वैष्णव कशावरून? देवीच्या अंगावर यज्ञोपवीत आहे. तिचं नाव नारायणी. सभामंडपात लाकडी कोरीवकामात दशावतार आहेत. अंगणातली एकवीस थरांची पितळी समई कूर्माच्या पाठीवर उभी आहे. मंदार पर्वत ज्याने पाठीवर पेलला तो हा कूर्म, आणि त्याच मंथनातून मोहिनीची कथा निघते. म्हणजे देवळाचं अंगण मूर्तीचा अर्थ सांगतं. मूर्ती एकटी वाचायची नाही हा धडा इथून घ्यावा. इथली घंटाही पाहा. ती रोज वाजवायची नव्हती. देवीसमोर साक्ष द्यायची असेल तेव्हाच ती वाजे, आणि घंटेसमोर खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे, अशी परंपरा आहे.

इतर देवळांत पंथाची खूण शोधताना काय धरावं आणि काय सोडावं? देवासमोर गरुड असेल तर भक्कम पुरावा, नंदी असेल तर शैव. दारावरच्या द्वारपालांना गोव्यात सरसकट ‘जय-विजय’ (विष्णूच्या द्वारपालांची नावं) म्हणतात, शिवाच्या देवळातसुद्धा. त्यामुळे नावावर जाऊ नका, हातांत शंख-चक्र आहे की त्रिशूळ-डमरू ते पाहा. चौकटीच्या कपाळावरचा गणपती काहीच सिद्ध करत नाही, तो सगळीकडे असतो. प्रदक्षिणा पूर्ण घालतात की अभिषेकाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीपाशी थांबून मागे फिरतात, हेही पाहा. मागे फिरत असतील तर आत लिंग आहे.

वास्तू: बाहेरून आत

आता महाद्वाराबाहेर या आणि पुन्हा आत शिरा, या वेळी इमारतीसाठी. क्रम बहुधा ठरलेला: तळी, महाद्वार आणि त्यावर नगारखाना, अंगणाच्या दोन-तीन बाजूंना अग्रशाळा (भाविकांच्या राहायच्या खोल्या), दीपस्तंभ, तुळशीवृंदावन, मुखमंडप, सभामंडप, अंतराळ (सभामंडप आणि गाभाऱ्यामधली जागा), गर्भकूड म्हणजे गाभारा. होकायंत्राने देवाचं तोंड कुठे ते नोंदवा. मग मुखमंडपापासून गर्भकुडाच्या उंबऱ्यापर्यंत पावलं मोजा आणि प्रत्येक भागाची वेगळी लिहा. सभामंडप मापाबाहेर लांब वाटला तर जोड शोधा: छपराची उंची बदलते, खांबांचा घाट बदलतो, जमिनीवर एक रेघ दिसते. गोव्याच्या देवळात वाढ जवळपास नेहमी पुढच्या बाजूने होते. गर्भकूड हलवता येत नाही.

दीपस्तंभ नीट पाहा. घाटावरची दीपमाळ म्हणजे दगडी खांबातून बाहेर आलेले दिव्यांचे हात. गोव्याचा दीपस्तंभ मजल्यामजल्यांचा, बहुधा अष्टकोनी, वर निमुळता, प्रत्येक मजल्यावर कमानीचे कोनाडे आणि कोपऱ्यांवर चिकटखांब (भिंतीला चिकटलेले अर्धे खांब), वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. चर्चचे मनोरे बांधणाऱ्या गवंड्यांची भाषा त्यात उघड दिसते. कारागीर गोव्याचेच होते, आणि एक हात दोन्हीकडे चालला यात नवल नाही.

शिखरही तसंच. गर्भकुडावर अष्टकोनी गळा, त्यावर घुमट, वर कळस. घुमटाच्या तळाशी कमळपाकळ्यांची ओळ असेल तर तो विजापुरी संस्कार. गळ्यात अर्धगोल कमानीच्या खिडक्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांना चिकटखांब असतील तर तो चर्चकडून आलेला. पुष्कळ देवळांत दोन्ही एकत्र नांदतात. ते सुंदर दिसतं, आणि त्याला ‘भेसळ’ म्हणणाऱ्यांशी आमचं मुळीच पटत नाही. सरहद्दीवरच्या माणसांनी हाताशी होतं ते घेऊन देवाला घर बांधलं. हीच गोव्याची देवळी शैली.

मग ‘खरं प्राचीन’ गोमंतकीय देऊळ कसं होतं? तुलनेसाठी तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ पाहावं. ते शैव आहे, पण कदंबकाळातलं जवळपास अखंड उरलेलं तेच: काळा बसाल्ट, चुन्याशिवाय बसवलेले दगड, छताला कोरलेलं कमळ, सगळं आटोपशीर. तारखेची पक्की खूण हवी असेल तर नार्व्याचं सप्तकोटेश्वर, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं, शिलालेखासह. या दोहोंच्या मध्ये आणि नंतर फोंड्याची इमारत कुठे बसते ते लावून पाहा.

काळ ठरवणाऱ्या बारीक खुणाही आहेत. छपरावर मंगळुरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचं, कारण ती कौलं बनवणारा कारखाना मंगळुरात तेव्हा सुरू झाला. त्याआधी अर्धगोल नळे, म्हणजे नळीची कौलं. पण नुसत्या कौलांवरून इमारतीचं वय ठरवू नका, छप्पर दर काही दशकांनी बदलतं. गिलावा उडालेल्या जागी चिरा दिसला तर त्यावरच्या खुणा पाहा: हाताने तासलेल्या चिऱ्यावर तिरपे, असमान घाव असतात, यंत्राने कापलेल्यावर सरळ समांतर रेघा.

शिलालेखात शक दिला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, आणि तिथी १ जानेवारीनंतरची, म्हणजे फाल्गुनाच्या आसपासची असेल तर ७९. शके १४८९ म्हणजे १५६७-६८. संवत्सराचं नाव दिलं असेल तर पंचांगावरून ताळा करा. आणि लेख कशाचा आहे ते आधी पाहा. सभामंडपाच्या फरशीसाठी दिलेल्या देणगीचा लेख वाचून देवळाचं वय सांगणारे फार भेटतात.

सजावट, आणि ती कशी बिघडते

भिंतीवर तांबडी-पांढरी नक्षी दिसली तर ती कावी आहे की नुसता रंग, ते ठरवा. कावीची कृती अशी: शिंपल्यांचा चुना, बारीक वाळू आणि गूळ एकत्र मुरवायचा, कुटायचा, भिंतीवर त्याचा गिलावा करायचा, तो ओला असतानाच वर कावेचा तांबडा थर द्यायचा, घोटायचा, आणि मग लोखंडी अणीने तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. म्हणून खऱ्या कावीत पांढरी रेघ तांबड्यापेक्षा खोल असते. रंगवलेल्या नकलेत दोन्ही एका पातळीला येतात, किंवा पांढरा वर बसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात हे हात न लावता कळतं. हात लावूच नका, जुन्या कावीची कड बोटाच्या घामानेही भुसभुशीत होते.

देवळाचं सर्वाधिक नुकसान पावसाने होत नाही, हौसेने होतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, चिरा तो पितो आणि उन्हाळ्यात परत सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंट आणि तैलरंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, आणि जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे फुगे येऊन पोपडे पडतात. मग पुन्हा रंग, पुन्हा पोपडे. उपाय एकच: रंग आणि सिमेंट काढून चुना परत आणायचा, आणि पावसाळा सरल्यावर भिंत पुरती सुकली की चुन्याचा हात द्यायचा. दुसरं नुकसान ग्रॅनाइटच्या फरशीचं. जुन्या फरशीवर नवी घातली की जमीन वर येते, खांबांच्या बैठका बुडतात, उंबरा ठेंगणा होतो, आणि पुढच्या अभ्यासकाला मूळ पातळीच सापडत नाही. महाजनांची सभा जीर्णोद्धार ठरवत असेल तर काम सुरू होण्याआधी प्रत्येक खांबाची बैठक, उंबरे आणि जोड मोजपट्टी बाजूला धरून फोटोत घ्या, आणि काढलेल्या दगडांवर क्रमांक चुन्याने घाला, तैलरंगाने नको.

तळीचा गाळ काढतानाही जपावं. भंगलेली मूर्ती पाण्यात विसर्जित करायची रीत आहे, त्यामुळे जुन्या मूर्ती तळ्यांत आणि विहिरींत सापडतात. सापडली तर आहे तशी राहू द्या, आधी फोटो घ्या, खोली आणि तोंड कोणत्या दिशेला ते लिहा. ब्रशने घासू नका, ॲसिड लावू नका, तेलही चोळू नका. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत हळूहळू सुकू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. मग हातांतली आयुधं मोजायला घ्या, देवाच्या उजव्या खालच्या हातापासून.